लसीचं कार्ड सोळाव्या वर्षापर्यंत

बाळाचे दीड वर्षाचे डोस झाले की बहुतेक घरांत लसीचं कार्ड कपाटात जातं, साड्यांच्या घडीखाली नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत. पुढे ते बाहेर निघतं शाळाप्रवेशाला, तेही जन्मतारीख दाखवायला. त्या कार्डावर पाचव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचे रकाने कोरेच असतात. मूल आजारी पडलं तर आपण रात्री-अपरात्रीसुद्धा दवाखाना गाठतो. धडधाकट मुलाला ठरलेल्या वयात तपासणीला नेणं मात्र राहून जातं. जन्मापासून सोळाव्या वर्षापर्यंत काय, कधी आणि कशासाठी करायचं, ते क्रमाने पाहू.

सुरुवात कार्डापासूनच. गरोदरपणाची नोंदणी झाली की आरोग्यसेविका ‘माता व बाल संरक्षण कार्ड’ देते. आरोग्यसेविका म्हणजे उपकेंद्रातली, लस टोचणारी सिस्टर. आशाताईंचं काम वेगळं: त्या घरोघरी जाऊन आठवण करून देतात, बाळ-बाळंतिणीची विचारपूस करतात. कार्डात आईच्या तपासण्या, बाळाच्या लसींचा तक्ता आणि वजनाचा आलेख, असं सगळं असतं.

खासगी दवाखान्यात याऐवजी वेगळी वही मिळते. थोडे डोस इकडे आणि थोडे तिकडे घेतले की गोंधळ सुरू होतो, म्हणून प्रत्येक लसीची तारीख एकाच कार्डावर लिहून घ्यावी आणि दर वेळी त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. सरकारी लस देशभरात कुठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते, त्यासाठी त्याच गावचं असावं लागत नाही. बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं. गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि नेमके त्या काळातले डोस चुकतात. सामान बांधताना कार्ड बरोबर घेतलं, तर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात पुढचा डोस घेता येतो.

आता जन्माचा दिवस. बाळाला कावीळ ‘ब’ची लस पहिल्या 24 तासांत मिळायला हवी. हा आजार बाळंतपणात आईकडून बाळाकडे जाऊ शकतो आणि उशीर झाला तर या डोसाचा उपयोग घटतो. बरोबर पोलिओचे थेंब, डाव्या दंडावर बीसीजी आणि रक्तस्राव टाळण्यासाठी के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. बीसीजी ही क्षयरोगाची लस आहे. लहान मुलांना होणाऱ्या क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून, विशेषतः मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते. प्रसूती रविवारी किंवा सणाच्या दिवशी झाली की यातलं काहीतरी राहून जातं. घरी सोडण्यापूर्वी “बाळाला काय काय दिलं?” असं विचारून नोंद पाहून घ्यावी.

बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी बारीक फोड येतो, तो फुटतो, खपली धरते आणि शेवटी व्रण राहतो. हे अपेक्षितच आहे. तिथे हळद, मलम, राख, काही लावू नये. व्रण उठला नाही म्हणून लस पुन्हा टोचून घ्यायचीही गरज नसते.

पहिल्या सहा आठवड्यांत आशाताई घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटींमागे महाराष्ट्रातलंच काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि त्यामुळे बालमृत्यू किती घटतात हे 1999 साली जगासमोर मांडलं. आशाताई बाळाचं वजन करतात, अंग गार पडलंय का, श्वास जोरात चालतोय का, बाळ नीट दूध ओढतंय का ते पाहतात. “सगळं ठीक आहे” म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवू नये.

यानंतरचे तीन डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे. तिन्ही वेळी पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकच लस मांडीत देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर हे ते पाच आजार. जोडीला पोलिओचे थेंब आणि जुलाबाच्या रोटाव्हायरसवरची तोंडावाटे द्यायची लस. दीड आणि साडेतीन महिन्यांना न्यूमोनियावरची आणखी एक लस, पीसीव्ही, आणि पोलिओचं छोटं इंजेक्शन दंडावर.

एकच लस तीनदा कशाला, असं पुष्कळजण विचारतात. पहिल्या डोसाने शरीराला जंतूची ओळख होते, पुढचे डोस म्हणजे तिची उजळणी. एका डोसावर थांबलं तर संरक्षण तोकडं राहतं. दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून लवकर उरकून टाकण्याची घाईही कामाची नाही.

पोलिओ तर गेला ना, हाही नेहमीचा प्रश्न. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण शेजारच्या पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे, आणि त्याला सीमा ओलांडायला एक प्रवासी पुरतो. उलट 2023 पासून नवव्या महिन्याला पोलिओचं तिसरं इंजेक्शनही वाढवलं आहे.

सगळ्यात जास्त गाडं अडतं ते सर्दी-खोकल्यावर. “बाळाला सर्दी आहे, बरं वाटलं की आणू” असं म्हणता म्हणता महिना जातो. साधी सर्दी, किरकोळ ताप, थोडे जुलाब असताना लस देता येते. बाळ खूप आजारी असेल, दवाखान्यात दाखल करण्याइतकं, तरच पुढे ढकलायची. मागच्या डोसानंतर झटका आला असेल किंवा जोरदार ॲलर्जी झाली असेल, तर ते टोचण्याआधी आवर्जून सांगावं.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिर करतं. सिस्टरने सांगितलेल्या मापाने तापाचं औषध द्यावं. टोचलेली जागा चोळू नये, शेकूही नये. तीन तासांहून जास्त वेळ न थांबणारं रडणं, झटका, बाळ मलूल पडणं किंवा दोन दिवसांनंतरही राहिलेला ताप दिसला तर मात्र दवाखान्यात जावं.

खासगी दवाखान्यात ‘पेनलेस’ लसीचा पर्याय देतात. तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचे थोडेच अंश असतात, त्यामुळे ताप कमी येतो. सरकारी लसीत मारलेला अख्खा जंतू असतो. ताप जास्त येतो, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जास्त टिकतं. मला विचाराल तर एका रात्रीच्या तापाला घाबरून महाग लस घेण्याचं कारण नाही. पैसे नाहीत म्हणून डोसच पुढे ढकलणं तर मुळीच करू नये, कारण उपकेंद्रातली लस कमअस्सल नसते.

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू होतं आणि बाळाचं वजन घसरायला लागतं तेही इथूनच. तोवर नुसतं अंगावरचं दूध पुरतं. पाणी, मध, घुटी काहीच नको. मध तर वर्षापर्यंत देऊ नये. सहाव्या महिन्यानंतर मात्र पुष्कळ घरांत वरणाचं पाणी आणि भाताची पेज यांवरच भागवलं जातं. पोट भरतं, पण त्यात पाणीच जास्त. चमच्यातून ओघळणार नाही इतका दाट वरणभात, खिचडी, नाचणीची खीर, वर चमचाभर तूप किंवा तेल, कुस्करलेलं केळं, घरात चालत असेल तर अंडं, असं द्यायला हवं. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावं.

याच काळात वजनाचा आलेख बघायला शिकावं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. आलेखात आडव्या रेघेवर बाळाचं वय महिन्यांत आणि उभ्या रेघेवर वजन असतं; दर महिन्याचा ठिपका मागच्या ठिपक्याला जोडायचा. बाळ शेजारच्या बाळापेक्षा जड आहे की हलकं, याला फारसा अर्थ नाही. रेघ वर चढतेय ना, तेवढं बघावं. ती दोन महिने सपाट राहिली किंवा खाली वळली तर बाळ कितीही हसतं-खेळतं असो, अंगणवाडीताईंशी आणि डॉक्टरांशी बोलावं. ढोबळमानाने जन्माचं वजन पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टीही असते. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण; 11.5 ते 12.5 च्या आत म्हणजे मध्यम. अंगणवाडीत यांनाच ‘सॅम’ आणि ‘मॅम’ म्हणतात. हे शब्द कानावर आले की त्यांचा अर्थ विचारावा. लाज वाटून मूल घरी ठेवू नये. दोन्ही पावलांवर सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली लस, पीसीव्हीचा शेवटचा डोस, पोलिओचं इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराची लसही याच वेळी असते. गोवराची लस आधी का देत नाहीत? आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तोवर बाळाच्या रक्तात असते आणि ती लसीला काम करू देत नाही. नवव्या महिन्यात दिली तरी साधारण शंभरातल्या पंधरा मुलांना पहिला डोस लागू पडत नाही. दुसरा डोस आहे तो त्यांच्यासाठी, आणि आपलं मूल त्या पंधरांत आहे का हे बघून कळत नाही.

गोवराला आपल्याकडे पूर्वापार ‘येऊन जाणारा’ आजार समजतात. अंगावर येऊ द्यावा, देवीचं आहे, औषध नको, असंही म्हणतात. पण गोवर नुसत्या पुरळावर थांबत नाही. न्यूमोनिया होतो, जुलाबाने मूल वाळतं, डोळे जाऊ शकतात, आणि आधी झालेल्या आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली ताकदही तो पुसून टाकतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत, मालेगावात आणि भिवंडीत गोवराची साथ आली. मुलं दगावली. त्या वेळी साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. करोनाच्या काळात राहून गेलेल्या डोसांची किंमत त्या वस्त्यांनी मोजली.

पुढचा टप्पा सोळा ते चोवीस महिन्यांचा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, ट्रिपलचा पहिला बूस्टर, पोलिओचे थेंब आणि अ जीवनसत्त्व. ट्रिपल म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. बूस्टर म्हणजे उतरणीला लागलेलं संरक्षण पुन्हा वाढवणारा डोस. हा टप्पा फार चुकतो. आई कामावर परत गेलेली असते, मूल पळायला लागलेलं असतं, नववा महिना झाला म्हणजे संपलं असा समज असतो. अ जीवनसत्त्व तर त्यानंतरही दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत द्यायचं असतं, एकूण नऊ डोस.

डोस चुकला म्हणून ओशाळून घरी बसू नये. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही; जिथे थांबलो तिथून पुढे चालू करतात. काही लसींना वयाची मर्यादा आहे: बीसीजी एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि ट्रिपल सात वर्षांपर्यंत देता येते. कार्ड हरवलं तर ज्या उपकेंद्रात लस घेतली तिथल्या नोंदवहीत किंवा यू-विन या सरकारी संगणकीय नोंदीत तपास करावा. कुठेच काही सापडलं नाही तर लस घेतलीच नाही असं धरून पुन्हा देतात. जादा डोसाने अपाय होत नाही. ही नोंद नंतरही लागते. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांकडे तिथली विद्यापीठं गोवर, गालगुंड आणि रुबेला लसींचा पुरावा मागतात. यातलं गालगुंड सरकारी लसीत नाही. कांजिण्या आणि कावीळ ‘अ’ यांच्या लसीही त्यात नाहीत. त्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून खासगीत घ्याव्या लागतात.

पाच ते सहा वर्षांत ट्रिपलचा दुसरा बूस्टर. शाळेच्या गणवेशाच्या यादीत हाही लिहून टाकावा. त्याच महिन्यात डोळे आणि दात पाहून घ्यावेत.

मुलाला एका डोळ्याने अंधुक दिसत असलं तर ते सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करून आळीपाळीने एकेक डोळा तळहाताने झाकायला सांगावं. एका डोळ्याने वाचताना चुकत असेल, मान वाकडी करत असेल किंवा झाकताच चिडत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. तिरळेपणा मोठेपणी आपोआप जाईल, ही समजूत फार महागात पडते. न वापरलेल्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बघणंच सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात, आणि सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं अवघड होत जातं.

दातांतली चूक साधी आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच समजून किडली तरी आपण सोडून देतो. ती कायमची असते. रात्री झोपण्यापूर्वी दात घासायची सवय तिच्यासाठी तरी लावावी.

शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा आरोग्य तपासणीचं पथक येतं. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहूनच सुरू झाला. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासल्या जातात. हृदयाला छिद्र किंवा दुभंगलेला ओठ सापडला तर शस्त्रक्रियाही मोफत होते. पण पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी, म्हणजे पुढच्या रुग्णालयात जायचा कागद, दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते. तपासणीच्या दिवशी संध्याकाळी दप्तर आपणच उघडून बघावं.

याच वयात आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घालावी: कुत्रा चावला, नुसता ओरखडा उठला, तरी घरी सांगायचं. रागावतील म्हणून मुलं लपवतात, आणि रेबीज एकदा झाला की उपाय नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी, तिखट-चुना-हळद भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करून सगळे डोस पुरे करावेत.

दहाव्या वर्षी टीडीची लस. यात धनुर्वात आणि घटसर्प एवढेच दोन घटक असतात, घटसर्पाचं प्रमाणही कमी. दहा वर्षांचं मूल आजारी नसतं, शाळा बुडवायची नसते, आशाताईंचं घरी येणं कधीच थांबलेलं असतं. त्यामुळे हा डोस आपणच लक्षात ठेवून घ्यायचा आहे. दहावा वाढदिवस ही चांगली खूण.

वर्षातून दोनदा शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक गोळी मिळते. एक ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांसाठी ती असते, जंत दिसोत वा न दिसोत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अर्धी, चुरडून. मोठ्यांनी चावून खायची. त्या दिवशी मूल आजारी असेल तर बरं झाल्यावर द्यावी.

लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा असतात: पाच ते दहा वर्षांसाठी गुलाबी, दहा ते एकोणीससाठी निळी. या गोळीने मळमळतं, शौच काळं होतं, म्हणून मुलं ती बाकाखाली टाकतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते आणि काळ्या शौचाने काही बिघडत नाही. गोळीबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा देऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळलं तर जास्त लागतं. पाळी सुरू झालेल्या मुलीला धाप लागत असेल, ती सतत दमत असेल किंवा माती-खडू खात असेल, तर हिमोग्लोबिन तपासावं. बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी. विदर्भात किंवा नंदुरबारकडे असल्यास सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि त्यात रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं.

नऊ ते चौदा या वयात मुलींना एचपीव्हीची लस द्यावी. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा या विषाणूमुळे होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली देशी लसही मिळते. “एवढ्या लहान मुलीला कशाला?” असं आजीही विचारते आणि आईही. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि लस तो येण्याआधीच दिली तर काम करते, म्हणून हे वय. मुलीच्या वागणुकीबद्दलचं ते प्रमाणपत्र नव्हे. सरकारी केंद्रात ती मिळण्याची सोय आरोग्यसेविकेला विचारावी.

सोळाव्या वर्षी टीडीचा पुढचा डोस. तेव्हा दहावीची परीक्षा आणि अकरावीचा प्रवेश चालू असतो. निकाल आणि प्रवेश यांच्यामधल्या मोकळ्या दिवसांत तो घ्यावा, आणि त्याच खेपेला वजन, उंची, रक्तदाब आणि नजर तपासून घ्यावी.

या वयातल्या तपासणीत पालक एक गोष्ट हमखास करतात: डॉक्टरांनी मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देतात. थोडा वेळ आपण बाहेर बसावं. पाळीचा त्रास, तंबाखू-गुटख्याची सुरुवात, रात्रीची झोप, कुणाचा त्रास, मनातली भीती यांतलं बरंचसं मूल आईबापांसमोर बोलत नाही. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात. तिथे हे बोलायला वेगळा समुपदेशक असतो. जेवण सुटणं, झोप उडणं, आवडता खेळ सोडून देणं, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं, असं दोन आठवडे दिसलं तर परीक्षा संपेपर्यंत थांबू नये. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आणि आपल्याही फोनमध्ये आजच साठवून ठेवावा.